कायद्याचे क्रियापद

लोकसभेचे किंवा विधानसभेचे अधिवेशन आटोपले म्हणजे आमच्या बुलढाणा जिल्ह्यात, आणि इतर जिल्ह्यांतही तसेच होत असावे, एक हिशेब सुरू होतो. आमच्या प्रतिनिधीने प्रश्न किती विचारले, चर्चेत तोंड किती वेळा उघडले, उपस्थिती शेकडा किती भरली, याचे आकडे छापून येतात. आणि ज्याचे आकडे मोठे त्याचे अनुयायी ते फलकावर रंगवून चौकात उभे करतात. खामगावच्या बाजारात सरकीसकट कापूस तोलावा आणि त्यातून रुई किती निघेल याची चौकशीच करू नये, तसा हा प्रकार आहे. याच्या उलट दुसरा एक पक्ष आहे. तो म्हणतो, भाषणे हवीत कोणाला? सभासदाने रस्ता आणावा, पूल आणावा. सभागृहातील बडबड सभागृहातच राहू द्यावी. हे दोन्ही पक्ष एकमेकांस हसतात. परंतु मुलांच्या शिक्षणाचा आणि त्यांच्या सुरक्षिततेचा प्रश्न निघाला की दोघांची गाठ एकाच ठिकाणी पडते. सभागृहात उच्चारलेल्या शब्दाने एखाद्या मुलाचे काही बरेवाईट होऊ शकते, यावर दोघांचाही विश्वास नाही.

आमचा आहे. आमचे म्हणणे असे की, मुलांविषयीच्या वादात सभासदाने काय केले हे पाहावयाचे असेल तर त्याने कायद्याच्या वाक्यात कोणते क्रियापद बसविले, किंवा बसविण्याकरिता झगडा केला, ते पाहावे. 'सरकार करील', 'सरकार करू शकेल' आणि 'सरकार प्रयत्न करील' ही तीन वाक्ये व्याकरणाच्या तासाला सारखीच सोपी वाटतात. पहिल्यात मुलाला शाळा मिळते, दुसऱ्यात मिळाली तर मिळते, आणि तिसऱ्यात मुलाच्या नातवाला मिळते. शिवाय आणखी एक गोष्ट पाहावी. मुलाचे शिकणे आणि मुलाचे सुखरूप असणे ही दोन्ही त्या सभासदाने एका वाक्यात ठेवली की दोन निरनिराळ्या दिवशी, दोन निरनिराळ्या मंत्र्यांपुढे, दोन निरनिराळ्या आवाजांत मांडली? ही कसोटी आम्ही हवेतून काढलेली नाही. आमच्याच भाषेतील दोन मोठ्या माणसांनी ती घालून दिली, आणि दोघेही, हे आम्ही थोड्या अभिमानाने सांगतो, काही काळ प्राध्यापकी केलेले होते.

पहिले नामदार गोखले. सन १९११ च्या मार्च महिन्यात कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळापुढे मुलांसंबंधी दोन मसुदे होते. एक सरकारचा, कारखान्यांविषयी. दुसरा गोखल्यांचा, प्राथमिक शिक्षणाविषयी, तो त्यांनी १६ मार्च रोजी मांडला. गोखल्यांच्या मसुद्याची कथा शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. पण ती सांगताना पहिल्या मसुद्याचे नाव कोणी काढीत नाही, आणि म्हणून तिचा अर्धा अर्थ हरवतो.

कारखान्यांच्या मसुद्याशी आमच्या जिल्ह्याचा संबंध जवळचा होता. जलंबहून खामगावपर्यंत आगगाडीचा फाटा १८७० साली टाकला गेला तो कापसासाठी, आणि गाडीमागोमाग जिन आणि प्रेस आले. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने सात वर्षांखालील मूल कामावर ठेवू नये आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढी भूतदया दाखविली होती; पण वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळले होते. म्हणजे मुंबईच्या गिरणीतील मुलाला निदान कागदावर संरक्षण होते, आणि हंगामापुरता धडधडणारा जिन त्यातून सहज निसटत होता. १९११ च्या कायद्याने ही पळवाट बुजविली आणि कापडाच्या गिरण्यांतील मुलांचे काम सहा तासांवर आणले. सुधारणा खरी होती. ती नाकारण्याचे कारण नाही. परंतु सहा तासांनंतर ते मूल कोठे जाणार? त्याच्या उरलेल्या दिवसाचे धनी कोण? गोखल्यांनी नेमका तेथे हात घातला. कारखान्यात राबणाऱ्या लहान मुलांना कारखानदाराने मोफत शिक्षण द्यावे, अशी उपसूचना त्यांनी त्या वादात आणली. ती मान्य झाली नाही.

आमच्या मते गोखल्यांच्या कायदेमंडळातील कामगिरीचा कळस येथे आहे, आणि चरित्रकार त्यावरून भरभर पुढे जातात. मुलाला यंत्रापासून दूर केले म्हणजे मूल वाचले, असे सरकार समजत होते. यंत्रापासून दूर केलेले मूल दुसऱ्या कोणाच्या तरी हाती पडते, आणि तो हात शिक्षकाचा नसेल तर कोणाचा असेल याचा नेम नसतो, हे गोखल्यांना उमगले होते. एकाच महिन्यात त्यांनी कारखान्याच्या वादात शाळा आणली आणि शाळेचा स्वतंत्र मसुदाही आणला. ही दोन कामे त्यांच्या लेखी दोन नव्हती.

आता तो दुसरा मसुदा. त्यात इतकेच होते की, जेथील पुरेशी मुले आधीच शाळेत जात असतील तेथील नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला, सरकारच्या पूर्वसंमतीने, सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करता यावी. मुलींना सक्ती पुढे केव्हातरी. हे आम्हांस तेव्हाच्या काळाचा विचार करूनही खटकते. ज्या पालकाची मासिक प्राप्ती दहा रुपयांहून कमी त्याला फी नाही. खर्चाचा एक तृतीयांश स्थानिक संस्थेने आणि दोन तृतीयांश सरकारने सोसावा. क्रियापद पाहा: 'करू शकेल', आणि तेही दुसऱ्याच्या परवानगीने! लोकसंख्येच्या शेकडा दोनही मुले शाळेत नसलेल्या देशात याहून नम्र मागणी कोणी केली नसेल. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी अमरेली तालुक्यात १८९३ सालीच सक्ती सुरू करून १९०६ मध्ये ती राज्यभर नेली होती. त्याहून मागे, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनला बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा असे बजावले होते. गोखले त्या दोघांच्याही मागे, अगदी सांभाळून पावले टाकीत चालले होते.

तरीही १९१२ च्या मार्चमध्ये, दोन दिवसांच्या वादानंतर, ३८ विरुद्ध १३ मतांनी मसुदा पडला. शिक्षणखात्याचे सभासद सर हारकोर्ट बटलर यांचे उत्तर सौजन्यपूर्ण होते. लोकांची तशी मागणी नाही, प्रांतिक सरकारे अनुकूल नाहीत, सक्तीवाचून शिक्षण वाढविण्याचे मार्ग अद्याप संपलेले नाहीत, पैशाची सोय नाही. सरकारी मतांच्या जोडीला काही हिंदी सभासदांचीही मते पडली, आणि जमीनदारवर्गाच्या मनात काय होते ते सांगावयास पंडित लागत नाही. गुराख्याचा पोर शाळेत गेला तर गुरे कोण राखणार?

वाचकांनी ही कारणे पुन्हा एकदा वाचावीत. यातील कोणते आज मृत झाले आहे? 'पालकांनाच गोडी नाही' हे वाक्य आम्ही ऐकतो. 'पैशाची सोय पाहून टप्प्याटप्प्याने' हे आम्ही इतक्या वेळा ऐकतो की ते शासनाचे बोधवाक्य असावे असे वाटते. साम्राज्य गेले, सिंहासने गेली, बटलरसाहेबांचे उत्तर मात्र खुर्चीला चिकटून राहिले आणि जो त्या खुर्चीवर बसतो त्याच्या तोंडून बोलते. गोखल्यांना पराभव आधीच दिसत होता. आपल्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करणे आले आहे, अशा अर्थाचे उद्गार त्यांनी त्या सभागृहात काढले. १९१५ मध्ये ते गेले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई प्रांतापुरता असा कायदा करून घेतला, १९२० मध्ये मध्यप्रांतानेही केला; दोन्हींचे क्रियापद 'शकेल' हेच. आमच्या वऱ्हाडाची तर आणखी एक गंमत होती. कागदोपत्री हा मुलूख निजामाचा, कारभार इंग्रजांचा. त्यामुळे कलकत्त्याचा कायदाही येथे आपोआप लागत नसे, तो वेगळ्या हुकुमाने लावावा लागे. खामगावच्या मुलाने 'शकेल' या शब्दाची वाट पाहावयाची, आणि तो आल्यावर हुकुमाची!

दुसरे डॉक्टर आंबेडकर. मुंबईच्या कायदेमंडळात १२ मार्च १९२७ रोजी शिक्षणाच्या अनुदानावर त्यांनी जे भाषण केले ते आमच्या वर्गातील कुटुंबांनी मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावे. त्यात अलंकार नाहीत, केवळ हिशेब आहे. सरकार शिक्षणावर दर माणशी चौदा आणे खर्चते आणि अबकारीतून दर माणशी दोन रुपयांवर वसूल करते. तेव्हा निदान दारूतून जेवढे घेता तेवढे शाळेत घाला. प्राथमिक शाळेत शिरलेल्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात, बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत बुडतात. पटावर नाव चढणे म्हणजे शिक्षण नव्हे, ही गोष्ट तेव्हा त्यांनी अंकांनी दाखविली. पटसंख्येचे सोहळे करणाऱ्या मंडळींनी तो अठराचा आकडा उशाशी ठेवून निजावे.

परंतु आम्हांस येथे विशेष सांगावयाचे आहे ते २३ नोव्हेंबर १९४८ चे. त्या दिवशी संविधानसभेपुढे मसुद्याचे ३६ वे कलम आले. त्याचा आरंभ असा होता की, प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणास हक्कदार आहे. आणि पुढे, राज्य दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांसाठी मोफत व सक्तीच्या शिक्षणाची तरतूद करण्याचा प्रयत्न करील. पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी सुचविले की, हे प्रकरण केवळ मार्गदर्शक तत्त्वांचे असल्यामुळे हक्काचा पूर्वार्ध येथे शोभत नाही, तो गाळावा. डॉक्टरसाहेबांनी ते मान्य केले. हक्क गेला, 'प्रयत्न करील' राहिले. कायद्याच्या रचनेच्या दृष्टीने मैत्र यांचे म्हणणे बिनचूक होते, हे आम्ही जाणतो. आणि मूलभूत हक्कांच्या प्रकरणात ते वाक्य उचलून ठेवण्याची त्या सभेची तयारी नव्हती, हेही उघड आहे. तरीसुद्धा ज्यांच्याविषयी आमच्या मनात अत्यंत आदर आहे त्यांच्या हातून त्या दिवशी मुलांच्या पदरातील एक शब्द निसटला, असे म्हणणे आम्हांस भाग आहे. आदर म्हणजे मौन नव्हे.

पण त्याच उत्तरात त्यांनी दुसरी एक गोष्ट वाचविली. नझिरुद्दीन अहमद यांची सूचना होती की 'शिक्षण' या जागी 'प्राथमिक शिक्षण' असा शब्द घालावा. ती डॉक्टरसाहेबांनी नाकारली, आणि नाकारताना कारण दिले ते शिक्षणशास्त्राचे नव्हतेच. मूलभूत हक्कांत आपण असे ठरविले आहे की, चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात कामावर ठेवावयाचे नाही. मग ते मूल तोपर्यंत कोठे असावयाचे? ज्या वयापर्यंत त्याला कामावर बंदी, त्या वयापर्यंत ते शाळेत गुंतलेले असले पाहिजे. दोन वयांत फट राहता कामा नये. ते अवघ्या काही वाक्यांचे उत्तर होते. प्रश्नांची संख्या मोजणाऱ्या हिशेबात त्याची नोंद 'चर्चेत सहभाग: एक' अशी होईल. परंतु सदतीस वर्षांपूर्वी गोखल्यांनी कारखान्याच्या वादात जे सांगून पाहिले आणि ऐकले गेले नाही, तेच येथे संविधानाच्या दोन कलमांत शिवले गेले. संरक्षण आणि शिक्षण यांचे वय एक, कारण मूल एक.

तो टाका पुढे कसा उसवला ते थोडक्यात सांगतो. दहा वर्षांची मुदत १९६० मध्ये संपली आणि कोणाला लाज वाटली नाही. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने शेवटी 'करील' हे क्रियापद आले. पण सहा ते चौदा वर्षांपुरते, सहाच्या आतील बालकांच्या वाट्याला पुन्हा 'प्रयत्न करील' हेच ठेवून. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा २०१२ चा. तो त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरला अमलात आला. बालमजुरीच्या कायद्याची दुरुस्ती २०१६ ची. तिने चौदा वर्षांखालील मुलांना सर्वच धंद्यांत मज्जाव केला, मात्र शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत घरच्या धंद्यात हातभार लावण्याची मोकळीक ठेवली. ज्याने कापसाच्या वेचणीच्या दिवसांत आमच्याकडील शाळेचा वर्ग पाहिला आहे त्याला या मोकळिकीचा अर्थ सांगावयास नको. एकेक कायदा वेगळा घेतला तर तो चांगलाच आहे. परंतु शाळा शिक्षणखात्याकडे, अत्याचार महिला-बालविकास खात्याकडे, मजुरी कामगारखात्याकडे आणि आदिवासी मुलांची आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे, असे मुलाचे चार ठिकाणी वाटप झाले. प्रत्येक खात्याचा मंत्री वेगळा, उत्तराचा दिवस वेगळा. आणि आमचे सभासदही ज्या खात्याचा दिवस असेल तेवढ्यापुरते बोलून बसतात.

या वाटपाचे फळ आमच्याच जिल्ह्याने पाहिले. २०१६ च्या नोव्हेंबरात खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराचे प्रकरण बाहेर आले. शाळेतल्याच माणसांवर आरोप आले, अनेकांना अटक झाली, शाळेची मान्यता रद्द झाली, विधिमंडळात आवाज चढले. त्या प्रकरणातील एक गोष्ट आमच्या मनातून जात नाही. ते उघडकीस आले तपासणीत नव्हे. दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी गेल्या तेव्हा. शाळा होती, वसतिगृह होते, पट होता, अनुदान होते. अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांस कळविलीच पाहिजे आणि न कळविल्यास तो शिक्षेस पात्र, असे २०१२ चा कायदा स्पष्ट सांगत होता. येथे क्रियापद 'करील' हेच होते. पण ते क्रियापद एका खात्याच्या कागदात होते आणि मुली दुसऱ्या खात्याच्या छपराखाली होत्या.

यावर आम्हांस असे सांगण्यात येते की, हा प्रश्न पोलिसांचा आहे; प्रत्येक शाळेत कॅमेरे बसविले म्हणजे झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकार घडल्यावरही हीच हाकाटी उठली. कॅमेरा बसवू नये असे आम्ही म्हणत नाही. पण कॅमेरा झाले ते टिपतो. मुलीला सांगावेसे वाटेल असे माणूस तो होत नाही. २०२० साली विधानसभेत आलेल्या आणि २०२१ मध्ये संमत झालेल्या शक्ती विधेयकाचे उदाहरण घ्या. त्यावर जोरदार भाषणे झाली, फाशीपर्यंतच्या शिक्षांची वर्णने झाली. राष्ट्रपतींची संमती त्यास मिळाली नाही. शिक्षा किती कडक असावी यावर आमच्या सभागृहांत जितके तास गेले, त्याच्या चतुर्थांश तरी वसतिगृहातील स्त्री-अधीक्षकेच्या रिकाम्या पदावर गेले असते तर आम्ही त्या अधिवेशनाला यशस्वी म्हटले असते. फाशीच्या भाषणाला टाळ्या पडतात. अधीक्षकेच्या पगाराला पैसे पडतात.

आणि ज्यांना हा केवळ गुन्हेगारीचा प्रश्न वाटतो त्यांनी २१ सप्टेंबर २०२३ चे शिक्षण आयुक्तालयाचे परिपत्रक आठवावे. राज्यात तेव्हा वीसहून कमी पट असलेल्या चौदा हजारांवर शाळा होत्या. त्या जवळच्या समूह शाळांत सामावून घेण्याचे प्रस्ताव त्याने मागविले. खर्च वाचतो, शिक्षक एका ठिकाणी येतात, मुलांना सोबती मिळतात; युक्तिवाद सर्व शिक्षणाच्या भाषेतले. पण पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलाला तीन किलोमीटरच्या आत शाळा असावी, हे अंतर शिक्षणहक्काच्या नियमांनी का ठरविले? त्या अंतरात एक पोर एकटे चालत असते म्हणून. जळगाव जामोद किंवा संग्रामपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या बापाला विचारा. शाळा दूर गेली की प्रथम मुलगी घरी राहते, मग ती वेचणीला जाते, मग तिचे लग्न होते. यातील पहिली गोष्ट शिक्षणखात्याची, दुसरी कामगारखात्याची, तिसरी महिला-बालविकासची. बापाच्या दृष्टीने ती एकच गोष्ट आहे, आणि बाप अडाणी असला तरी या बाबतीत त्याची दृष्टी मंत्रिमंडळापेक्षा स्वच्छ आहे.

दरवर्षी १२ जानेवारीस जिजाऊंच्या जन्मस्थानी सिंदखेडराजास सर्व पक्षांचे लोकप्रतिनिधी येतात. माता, संस्कार आणि बालपण यांवर तेथे जे बोलले जाते त्याचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु तेथे जमलेल्या आमच्या वाचकांपैकी कोणास आपल्या सभासदाजवळ उभे राहण्याची संधी मिळाली, तर त्याने हार घालण्याआधी एक विनंती करावी. पुढच्या अधिवेशनात एकच प्रश्न विचारावा, पण तो चारही खात्यांच्या मंत्र्यांना एकाच शब्दांत. बुलढाणा जिल्ह्यातील प्रत्येक निवासी शाळेत रात्री मुलींजवळ कोणती स्त्री असते? तिचे पद भरलेले आहे की रिकामे? मुलीने तक्रार केली तर ती प्रथम कोणाच्या हाती पडते, आणि तो हात त्याच संस्थेचा नोकर आहे काय? जी शाळा बंद करावयाची आहे तिच्यातील मुली नव्या शाळेपर्यंत कोणाबरोबर जातील, आणि तसे कोणी नेमले नसेल तर त्याला जबाबदार कोणता अधिकारी, त्याचे पदनाम काय? मंत्र्यांकडून उत्तर बहुधा असे येईल की, माहिती संकलित करण्यात येत आहे आणि शासन प्रयत्न करील. मग त्याच्या पुढच्या अधिवेशनात तोच प्रश्न, त्याच शब्दांत, पुन्हा विचारावा.